झुलणारा मोबाइल आणि स्थिर पडदा

मोबाइल झुलतोय, असं सर सांगत होते. पडद्यावर मात्र काहीच झुलत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका विज्ञान शिक्षकांनी समाजमाध्यमावरून लंबकाचा पाठ ‘लाइव्ह’ घेतला. विषय चांगला, वेळ शाळेची, म्हणून आम्ही तो नववीच्या वर्गाला शाळेतल्या टीव्हीवर दाखवला. सरांनी आपला मोबाइल दोन दोऱ्यांनी टांगून त्याचाच लंबक केला होता. मोबाइलमधलं ‘फायफॉक्स’ नावाचं अ‍ॅप झोके मोजत होतं आणि त्याच मोबाइलची स्क्रीन सर थेट प्रक्षेपणातून सगळ्यांना दाखवत होते. आकडे उमटत होते, आलेखाची रेघ वर-खाली होत होती, सर समजावून सांगत होते. पाच-सात मिनिटं वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “बाई, पण मोबाइल हलतोय कुठे?”

काही मुलं हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. टीव्हीवरचं चित्र खरोखरच तसूभरही हलत नव्हतं. भिंतीवर टांगलेल्या फोटोसारखं ते स्थिर होतं.

आपण पाठ्यपुस्तकांची समीक्षा करतो, विज्ञान-प्रदर्शनातल्या प्रतिकृतींचं परीक्षण करतो. थेट प्रक्षेपणातल्या पाठांकडे मात्र तसं पाहत नाही. फेसबुकनं २०१६ साली ही सोय सगळ्यांसाठी खुली केली. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवरून शिकवायला सुरुवात केली आणि त्यातला काही भाग पुढेही चालू राहिला. स्क्रीन शेअर करून शिकवणं ही आता आपल्या हातातली एक पद्धत झाली आहे. त्या पद्धतीचा विचार करण्यासाठी या सरांचा पाठ मी निवडला, कारण तो मन लावून तयार केलेला होता. आळसानं केलेल्या पाठातून शिकण्यासारखं फार नसतं.

काय चांगलं होतं?

पहिली गोष्ट म्हणजे प्रयोगाची निवड. फायफॉक्स हे अ‍ॅप जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१६ साली उपलब्ध करून दिलं. ते मोफत मिळतं. मोबाइलमध्ये त्वरणमापी, जायरोस्कोप, चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक अशी छोटी छोटी उपकरणं बसवलेलीच असतात. एरवी ती स्क्रीन आडवी-उभी करण्यासाठी किंवा नकाशावर दिशा दाखवण्यासाठी वापरली जातात. हे अ‍ॅप त्यांची मोजमापं आपल्यापुढे ठेवतं. ज्या शाळेत धड स्टॉपवॉच नाही, तिथेही एखाद्या शिक्षकाच्या खिशात ही प्रयोगशाळा असते. मोबाइलच लंबकाचा गोळा आणि मोबाइलच मोजणारा, ही कल्पनाही सुंदर आहे.

दुसरी गोष्ट सुवाच्यतेची. अनेक जण कॅमेऱ्यासमोर दुसरा मोबाइल धरून त्याची स्क्रीन दाखवतात. मग काचेवर ट्यूबलाइट चमकते, हात थरथरतो, आकडे पुसट होतात. सरांनी स्क्रीन थेट शेअर केल्यामुळे हा त्रास टळला. दशांशचिन्हासुद्धा स्वच्छ दिसत होतं.

पण ज्या कारणानं आकडे स्वच्छ दिसले, त्याच कारणानं झोका दिसेनासा झाला.

चित्र येतं कुठून?

कॅमेरा काचेवरून येणारा प्रकाश टिपतो. स्क्रीन शेअर करताना कॅमेऱ्याचा संबंधच येत नाही. पडद्यावर कोणत्या ठिकाणी कोणता रंग दाखवायचा, याची आकडेमोड मोबाइल सतत करत असतो आणि तयार झालेलं चित्र स्मृतीत ठेवून मग काचेकडे पाठवतो. स्क्रीन शेअर म्हणजे काचेवर पोचण्याआधीच्या या चित्राची आणखी एक प्रत काढणं. अँड्रॉइडमध्ये वापरणाऱ्याची परवानगी घेऊन अशी प्रत काढण्याची सोय २०१४ साली, पाचव्या आवृत्तीत, सर्व अ‍ॅपना मिळाली. ती प्रत दाबून लहान केली जाते आणि इंटरनेटवरून पुढे जाते.

म्हणजे या चित्रात काचेवरची धूळ येत नाही, तडा येत नाही, काचेवर टेकलेलं बोटही येत नाही. मोबाइल टेबलावर आहे की झोक्यावर, याची त्या चित्राला खबरच नसते. खिडक्या बंद केलेल्या एसटीत शेजारी बसलेला माणूस जसा आपल्याला स्थिर दिसतो, तसंच हे. फरक इतकाच, की एसटीत निदान गचके बसतात.

मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि मुलांना विचारलं, “मोबाइल झुलतोय याचा काही पुरावा पडद्यावर आहे का?” एक मुलगा म्हणाला, “आलेख आहे की.” त्यावर त्याच मुलीचं उत्तर आलं, “आलेख कालचा असला तर?”

सरांनी काही फसवलं असेल अशी शंका मला नाही, तिलाही नव्हती. पण विज्ञानाच्या तासाला हा प्रश्न रास्त आहे. झोका आणि आलेख शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा हात लावून झोका थांबवला की रेघ सपाट होते. दोघांचा संबंध आहे हे मुलं स्वतः ठरवू शकतात. झोका नजरेआड गेला की संबंध सरांच्या शब्दावर मानावा लागतो. प्रयोग झाला खरा, पण पाहणाऱ्याच्या वाट्याला तो पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखाच आला.

८.९७ चं कोडं

याची किंमत पाठाच्या मध्यावर कळली. पडद्यावर आंदोलनकाल १.९९ सेकंद आला. सरांनी लंबकाची लांबी म्हणून ९० सेंटिमीटर हा आकडा भरला. अ‍ॅपनं गुरुत्व त्वरणाचं उत्तर दिलं, ८.९७ मीटर प्रति सेकंद वर्ग. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मोबाइलमधले संवेदक काही फार अचूक नसतात, त्यामुळे एवढा फरक चालायचाच.” मग पाठ पुढे सरकला.

संपूर्ण पाठातलं सर्वांत कच्चं वाक्य मला हेच वाटलं. अनेक झोक्यांवरून काढलेला आंदोलनकाल मोबाइल चांगल्या अचूकतेनं देतो. शंका घ्यायची तर आधी मोजपट्टीवर घ्यायला हवी. हिशेब उलटा करून पाहू. गुरुत्व त्वरण ९.८ धरलं, तर १.९९ सेकंद आंदोलनकालासाठी लंबकाची लांबी सुमारे ९८ सेंटिमीटर हवी. भरलेला आकडा ९० चा. म्हणजे ८ सेंटिमीटर कुठेतरी हरवले.

हल्लीचा मोबाइल साधारण १६ सेंटिमीटर लांब असतो. त्याचा निम्मा भाग म्हणजे ८! लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजायची असते. सरांनी बहुधा फक्त दोरी मोजली आणि उभ्या टांगलेल्या मोबाइलची अर्धी उंची मिळवायची राहून गेली.

मी ‘बहुधा’ म्हणते, कारण खात्री करायला काही साधनच नाही. दोरी, गाठ, मोबाइल, मोजपट्टी यांपैकी काहीही पडद्यावर नव्हतं. समोर वर्गात हा प्रयोग झाला असता, तर एखाद्या मुलानं “सर, खालचा मोबाइल धरायचा नाही का?” असं नक्की विचारलं असतं. चूक होण्यात काही वाईट नाही, माझ्याही प्रयोगांत होतात. पण ज्या मांडणीत चूक दुसऱ्या कुणाला सापडूच शकत नाही, ती विज्ञान शिकवण्यासाठी अपुरी आहे. शिवाय मुलं चुकीचा धडाही घेऊन जातात. उत्तर जुळलं नाही की उपकरणाला दोष द्यावा, हा तो धडा.

‘थेट’ म्हणजे किती थेट?

पाठाच्या पुढच्या भागात सरांनी त्वरणमापीचा आलेख दाखवला. त्यात शिखरं दर सेकंदाला एक अशी येत होती. कुणीतरी प्रतिक्रियेत लिहिलं, “आधी २ सेकंद आलं होतं, आता १ कसं?” फार चांगला प्रश्न! पण तो सरांच्या नजरेला पडला तेव्हा ते समारोपाकडे वळले होते. “नंतर बोलू,” म्हणाले आणि ते राहूनच गेलं.

उत्तर असं आहे. लंबक सर्वांत खालच्या बिंदूतून जातो तेव्हा दोरीवरचा ताण सर्वांत जास्त असतो आणि तो बिंदू एका आंदोलनात दोनदा येतो, एकदा जाताना, एकदा परतताना. म्हणून त्वरणमापी एका आंदोलनाला दोन शिखरं दाखवतो. जायरोस्कोपला मात्र जाण्याची आणि येण्याची दिशा वेगळी कळते, त्यामुळे तिथे एका आंदोलनाला वरच्या बाजूचं एकच शिखर येतं. झुलता मोबाइल डोळ्यांपुढे असता तर मुलांना हे बोटानं मोजून कळलं असतं.

प्रश्न उशिरा का पोचला? यात सरांचा दोष नाही, तो माध्यमाचा स्वभाव आहे. थेट प्रक्षेपणाचं चित्र सलग धारेसारखं येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात, ते सर्व्हरवर वेगवेगळ्या आकारांत पुन्हा तयार होतात आणि अडखळू नये म्हणून आपला मोबाइल किंवा टीव्ही थोडे तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. त्यामुळे काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत उशीर होऊ शकतो.

हा उशीर तुम्हीही मोजू शकता. शेअर केलेल्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात त्या मोबाइलचं घड्याळ दिसतं. तिथला मिनिटाचा आकडा बदलतो, तेव्हा आपल्या मोबाइलच्या घड्याळात त्या मिनिटाचे किती सेकंद होऊन गेलेत ते पाहायचं. दोन्ही घड्याळं नेटवर्कवरून जुळवलेली असतात, त्यामुळे हिशेब बराचसा बरोबर येतो. आमच्याकडे १८ सेकंद आले.

आता सर विचारतात, “दोरी चौपट केली तर आंदोलनकाल किती होईल? सांगा पटकन!” हा प्रश्न आमच्यापर्यंत १८ सेकंदांनी येतो. मूल विचार करतं, टाइप करतं, उत्तर पाठवतं. सरांकडे ते पोचेपर्यंत निदान अर्धं मिनिट गेलेलं असतं. सर थांबले पाच सेकंद आणि उत्तर सांगून मोकळे झाले. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि ही उसंत तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केली तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. वर्गात तीन सेकंद पुरतात. थेट प्रक्षेपणात प्रश्न विचारून मिनिटभर दुसरं काही बोलायची तयारी ठेवावी लागेल, नाहीतर तो प्रश्न म्हणजे नुसती बोलायची लकब ठरते.

तिकिटाएवढं चित्र

आमच्याकडे टीव्ही होता. घरून पाहणाऱ्यांचं काय झालं असेल? उभी स्क्रीन आडव्या चित्रात बसवली की ती जेमतेम पाव रुंदी व्यापते, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. मोबाइल उभा धरून पाहणाऱ्याला तो व्हिडिओ सुमारे ७ सेंटिमीटर रुंद दिसतो, म्हणजे सरांची स्क्रीन त्याच्यापर्यंत पावणेदोन सेंटिमीटर रुंदीची होऊन पोचते. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत आलेख, अक्ष आणि आकडे! आपण लिहितो ते शेवटच्या बाकावरून दिसतं का, हे आपण शिक्षक रोज पाहतो. थेट प्रक्षेपणातला शेवटचा बाक म्हणजे घरातला सर्वांत जुना, सर्वांत लहान मोबाइल. पाठाआधी तो एकदा हातात घेऊन बघायला हवा.

बोट न दिसण्याचाही असाच त्रास झाला. सर एकामागून एक बटणं दाबत होते आणि पडदे आपोआप बदलल्यासारखे वाटत होते. फळ्यावर हात दिसतो, म्हणून आधी काय, मग काय हे कळतं. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांमध्ये बोट टेकतं तिथे ठिपका दाखवण्याची सोय आहे. ती सुरू केली तरी अर्धं काम होतं.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, असा विचार करत होते. पाठ चालू असताना स्क्रीनच्या वरच्या कडेला एका पालकांचा निरोप उतरला. त्यात मुलाचं नाव होतं आणि चाचणीतल्या गुणांबद्दलची विनवणी. दोन-तीन सेकंदांत तो निघून गेला, पण प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग राहतं. स्क्रीन शेअर करण्याआधी ‘तुमच्या स्क्रीनवर दिसणारं सगळं दिसेल’ अशी सूचना मोबाइल देतो. आपण ती न वाचता ‘हो’ म्हणतो. बँकांची अनेक अ‍ॅप अशा वेळी स्वतःचा पडदा काळा करून घेतात. अँड्रॉइडच्या २०२४ च्या पंधराव्या आवृत्तीत शेअरिंग चालू असताना येणाऱ्या सूचनांचा मजकूर झाकण्याची व्यवस्था आली. पण आपल्याकडचे बरेच मोबाइल त्याआधीचे असतात. सूचना बंद करणं, आणि शक्य असेल तर शिकवण्यासाठी कोरा मोबाइल वापरणं, ही जबाबदारी आपलीच. आपल्या पैशांची काळजी बँक घेते, त्या मुलाच्या नावाची काळजी आपणच घ्यायची आहे.

मग करायचं काय?

फायफॉक्समध्येच एक सोय आहे. मोबाइल आणि संगणक एकाच वायफायवर असले, तर मोबाइलवरचे आलेख संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडता येतात. म्हणजे मोबाइल झुलत राहू द्यायचा, आलेख संगणकावर दाखवायचा आणि कॅमेरा झोक्यावर रोखायचा. दोन्ही एका चित्रात येतात. संगणक नसेल तर आधी दुसऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून सगळी मांडणी दाखवावी. दोरी मोजताना दाखवावी, झोका हातानं थांबवून दाखवावा आणि मगच स्क्रीनकडे वळावं. यानं पाठ दहा मिनिटांनी लांबेल. लांबू द्यावा.

त्याहून सोपा उपाय आम्ही दुसऱ्या दिवशी केला. मुलांनी मुठीएवढे दगड आणले, १ मीटर दोरी बांधून खिडकीच्या गजाला टांगले आणि २० आंदोलनांचा वेळ मोजला. त्या मुलीच्या गटाचं उत्तर ४१ सेकंद आलं. गणित केल्यावर गुरुत्व त्वरण निघालं ९.३९. ती म्हणाली, “बाई, आमचंही कमीच आलं.” मी काही बोलले नाही. गट पुन्हा दगडाकडे गेला. थोड्या वेळानं त्यांतल्या एकानं विचारलं, “दोरी दगडाच्या डोक्यापर्यंत मोजली, पण दगड तर खाली आहे ना?” दगडाच्या मध्यापर्यंतचे ४ सेंटिमीटर मिळवले, तेव्हा उत्तर आलं ९.७७.

मग मी फळ्यावर सरांचे दोन आकडे लिहिले, १.९९ आणि ९०. ८ सेंटिमीटर कुठे गेले ते मुलांनीच शोधून काढलं. न दिसलेल्या मोबाइलची उंची त्यांनी आकड्यांवरून सांगितली. सरांच्या पाठाचा एवढा उपयोग आम्हाला झाला, आणि त्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. आमचा हिशेब मी त्यांना कळवलाही आहे.

स्क्रीन शेअर करणं टाकाऊ आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. आकाशाचा नकाशा, एखादा आलेख, संगणकावरची प्रतिकृती दाखवायला त्याच्यासारखं साधन नाही. पण जिथे एखादी वस्तू मोजली जाते, तिथे वस्तू आधी दिसावी, मोजणारा हात दिसावा आणि आकडा शेवटी यावा. तुमच्या शाळेत असा पाठ घेतला किंवा पाहिला असेल, तर मुलांना एकच प्रश्न विचारून बघा, “हे खरंच घडतंय, हे तुम्हाला कशावरून कळलं?” त्यांची उत्तरं आम्हाला जरूर कळवा.